चुन्याचं घमेलं

माझी सायकल कोंबड्यांनी खाल्ली असं गावात म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. अकरा वर्षं मी त्या सायकलीवर माणसं वाहिली. मागं गादी, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना गज. गावातून म्पोनेलाच्या बाजारात आणि बाजारातून गावात. ऑगस्टच्या अखेरीस ती विकली, आणि त्या पैशांत माझ्या बायकोनं, फालेसीनं, एका दिवसाची शंभर पिल्लं, खाद्याची पोती आणि लस आणली. तेव्हापासून मी पायी. कुणी विचारलं, "वायसन, गाडी कुठाय रे?" की मी सांगायचो, "घरी आहे. दाणे टिपतेय." सुरुवातीला लोक हसायचे.

फालेसीनं तालुक्याला चार दिवसांची शिकवणी केली होती. तिथून ती वही भरून आणि डोकं फिरून आली. परसात मी कमरेएवढ्या मातीच्या भिंती घातल्या, वर जाळी, जाळीला गोणपाटाचे पडदे, डोक्यावर गवत. इथवर ठीक होतं. मग तिनं दाराला कुलूप घातलं. दारासमोर एक जुनं घमेलं ठेवलं, त्यात चुन्याचं पाणी. आत जाईल त्यानं पाय त्यात बुडवायचे. आणि आत जाणार कोण, तर ती. मी फार तर पोती उचलून दारापर्यंत द्यायची.

"कोंबड्यांना कुलूप?" शेजारची एलुबी कुंपणावरून म्हणाली. "आत काय शाळा भरवलीस का गं?"

आमच्या गावात कोंबड्यांना कुणी कोंडत नाही. त्या सगळ्यांच्या अंगणात चरतात, संध्याकाळी आपापल्या घरी येतात. कुलूप घालून, पडदे सोडून, दिवसरात्र शेगडी पेटती ठेवून काय करतात ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण चेटूक हा शब्द तोंडावर आणायचा नसतो. पहिला आठवडा फालेसी त्या शेगडीपाशीच झोपली. पिल्लं एकावर एक चढून बसली की गारठलीत, लांब पांगली की तापलीत, हे ती अंधारात नुसत्या आवाजावरून ओळखायची. सहा मेली. चौऱ्याण्णव उरली.

तिसऱ्या आठवड्यात मामा आले. काम्वेंडो मामा, फालेसीच्या आईचे थोरले भाऊ. आमच्याकडे जमीन बायकांची असते आणि बायकांवर शब्द चालतो त्यांच्या मामाचा. नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो. मी घरजावई. मामांनी उद्या सकाळी म्हटलं की उचल तुझं गाठोडं, तर मी उचलायचं, एवढाच माझा हक्क. आणि आता तर गाठोडं लादायला सायकलही नव्हती.

मामा काठी टेकत थेट खुराड्याच्या दाराशी गेले. फालेसी धावत आली, त्यांच्यापुढे गुडघे टेकले, आणि मान खाली घालून म्हणाली, "मामा, आत जायचं तर पाय बुडवा त्यात."

"कशात?"

"घमेल्यात. चुना आहे."

मामांनी घमेल्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. पाय धुळीचे होते, टाचा भेगाळलेल्या. तो सगळा शिवार त्यांनी त्याच पायांनी तुडवलेला.

"ही जागा तुला मी दिली," ते म्हणाले. "या अंगणात माझे पाय घाण झाले होय?"

"घाण नाही मामा, रोग चिकटून येतो पायांना."

"माझ्या पायांना."

ते वळले आणि गेले. तीन आठवडे आमच्या अंगणात फिरकले नाहीत. मी फालेसीला म्हणालो, "अगं, एकदा जाऊ द्यायचं होतंस." ती म्हणाली, "एकदाच पुरतं."

ऑक्टोबरात मानमोडी आली. दरवर्षी याच दिवसांत येते, पावसाच्या आधी, जमीन तव्यासारखी तापलेली असते तेव्हा. आधी कोंबडी गप्प बसते. मग हिरवं हगते. मग मान वाकडी करून आभाळाकडे बघत गोल गोल फिरते आणि पडते. एलुबीच्या सात कोंबड्या दोन दिवसांत गेल्या. चर्चमागच्या घरांतल्या सगळ्या गेल्या. मेलेली कोंबडी कुणी टाकत नाही, ती भांड्यात जाते. त्या आठवड्यात गावात घरोघर रस्सा होता आणि कुणाच्या तोंडाला चव नव्हती.

आमच्या चौऱ्याण्णव मात्र जिवंत. पांढऱ्याफेक, दोन-दोन किलोच्या, चालताना डुलणाऱ्या. शनिवारी सहा आठवडे पुरे होणार होते. म्पोनेलात खानावळ चालवणाऱ्या नाफिरीबाई शनिवारी सकाळी गाडी घेऊन येणार होत्या, आणि असतील तेवढ्या सगळ्या नेणार होत्या. एवढंच धरून ठेवायचं होतं, शनिवारपर्यंत.

हापशावर बायका फालेसी आली की बोलणं थांबवायच्या. एक दिवस एलुबी माझ्या तोंडावर म्हणाली, "आमच्या गेल्या आणि तुमच्या फुगल्या. जीव जातो कुठं वायसन? कुठंतरी जातोच ना?"

"लस टोचली तिनं."

"कुलपाच्या आत," एलुबी म्हणाली. "आम्ही काय बघितलं?"

सोमवारी सकाळी मी अंगणात सरपण फोडत होतो. मामा आले. काठी नव्हती. छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी धरलेलं. जवळ आल्यावर दिसलं, कोंबडी होती. तांबडी, मानेवर काळे ठिपके. कापड त्यांच्या बायकोच्या चितेंजेचं, कमरेला गुंडाळायच्या वस्त्राचं होतं. ती बाई दोन वर्षांपूर्वी गेली, पण तो निळा माशांचा छाप सगळ्या गावाला ओळखीचा होता.

फालेसी बाहेर आली आणि गुडघ्यांवर बसली.

"पंधरा होत्या," मामा म्हणाले. "चौदा गेल्या. ही तेवढी राहिली."

त्यांनी कापडाची कड सारखी केली.

"तुझी मामी लग्नात एक कोंबडी घेऊन आली होती. ही तिच्या मुलीच्या मुलीची मुलगी, का त्याच्याही खालची, मी मोजलं नाही. पहिल्यांदाच अंड्यावर आलीय." त्यांनी तिच्या मानेवरून बोट फिरवलं. "तुझ्या घरात मरत नाहीत. तू काय करतेस ते मी विचारणार नाही. हिला त्यांच्यात ठेव. पाऊस पडला की नेतो."

असं म्हणून त्यांनी कोंबडी पुढं केली. मी त्यांच्या सदऱ्याकडे बघत होतो. पोटाशी एक हिरवा डाग होता, अजून ओला.

मी पुढं झालो. पण मामांचे हात माझ्याकडे वळलेच नाहीत. फालेसीनं डाग पाहिला, हे मला तिच्या मानेवरून कळलं. तरी तिनं दोन्ही हात पुढं केले आणि ओंजळीत घ्यावी तशी कोंबडी घेतली. "दिली म्हणजे पोचली मामा," ती म्हणाली.

मामांनी मान हलवली. घमेल्याकडे न बघता ते गेले.

ते वळणाआड झाल्यावर मी कुऱ्हाड खाली टाकली. "डाग दिसला ना तुला?"

"दिसला."

"मग घेतलीस कशाला?"

"नाही कसं म्हणायचं? तुम्ही म्हणाला असता?"

"आत टाकलीस तर चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव जातील. सायकल गेली. सगळं गेलं."

"आत टाकणार नाहीये मी." ती अजून गुडघ्यांवरच होती, कोंबडी छातीशी. "आणि मीही आता आत जाणार नाही. हाताला लागलं, अंगाला लागलं. शिकवणीत बाईंनी सांगितलंय, आजारी कोंबडी धरली तो माणूस आठवडाभर खुराड्यात नको. ही माझ्यापाशी राहील स्वैपाकघरात. मी पण तिथंच राहीन. तुम्ही तिकडं बघायचं."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"पोती उचलता येतात की. बाकी मी इथून सांगते. किल्ली खुंटीला आहे, मी हात लावत नाही, तुम्हीच घ्या. माझ्याजवळ येऊ नका. आणि तुमची न्सिमा तुम्हीच शिजवा, बाहेर."

अकरा वर्षांत मला इतकं भेव कधी वाटलं नव्हतं. कोंबडी आत ठेवली जाणार असं समजून मामा गेले होते. आत नाही हे कळलं तर घरजावई म्हणून माझं काय व्हायचं ते होईल. आणि आत टाकली असती तर शनिवारी गाडी रिकामी गेली असती. मी पाय घमेल्यात बुडवले, दोन्ही, घोट्यांपर्यंत, आणि कुलूप उघडलं.

आतला वास आधी नाकात शिरला, मग गरमी. चौऱ्याण्णव पांढरी अंगं भुशावर पसरलेली, चोची उघड्या, सगळ्या धापा टाकत होत्या. एकही उठून पळाली नाही. आमच्या गावठी कोंबड्या माणूस बघून कुंपणावर चढतात. यांनी फक्त डोळे फिरवले.

"मुठीत भुसा घ्या," स्वैपाकघराच्या दारातून फालेसी ओरडली. वीस पावलांचं अंतर. "दाबा. मूठ सोडा. गोळा राहिला का फुटला?"

"राहिला."

"म्हणजे ओला आहे. पाण्याच्या भांड्यांखालचा काढा, कोरडा टाका. भांडी घासली का?"

"आत्ता तर आलोय."

"मग बोलत काय बसलात?"

मंगळवार, बुधवार असेच गेले. पहाटे पाणी, भांडी, खाद्य, भुसा उलथणं. दुपारी गोणपाट भिजवायचं, छपरावरच्या गवतावर पाणी मारायचं. हापशावरून बादल्या आणायच्या पायीच, डोक्यावर, आणि ते काम आमच्याकडे बायकांचं. "पाण्याला नवी सून आली वाटतं," हापशावर कुणीतरी म्हणालं. मी बादली भरली. संध्याकाळी अंगणात तीन दगडांवर मी मक्याच्या पिठाची न्सिमा घोटायचो. तिच्यात गाठी व्हायच्या. रस्त्यानं जाणारे बघत जायचे. एलुबी कुंपणाशी येऊन म्हणाली, "बायकोनं घराबाहेर काढलं का रे?"

"तिला ताप आहे."

"ताप," ती म्हणाली, आणि स्वैपाकघराच्या बंद दाराकडे बघत राहिली.

बुधवारी दुपारी वारा साफ पडला. उन्हानं डोळे मिटत होते. खुराड्यातून वेगळाच आवाज यायला लागला, घरघर, खूप घशांची एकदम. मी धावलो. मधल्या भागात कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, पंख सोडलेले.

"फालेसी, बसूनच राहिल्यात."

"उठवा त्यांना. पोटाखाली आग साठते. हळू चाला त्यांच्यातून. पाय घासत चाला, उचलू नका, तुडवाल. भिवू नका, त्या उठतील."

मी पाय घासत चाललो. एकेक उठायची, चार पावलं टाकायची, पुन्हा बसायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत, पुन्हा. घाम डोळ्यांत जात होता. पाठीत उसण भरली. दोन तास मी त्या पांढऱ्या अंगांतून पाय ओढत फिरलो, आणि खरं सांगतो, मला रडू येत होतं. सायकल चालवताना कितीही चढ असला तरी चढ कुठंतरी संपतो. दोन कोंबड्या तरीही गेल्या. सूर्य कलला तेव्हा ब्याण्णव उरल्या होत्या आणि मी दाराशी बसून पाणी प्यायलो.

"तिकडं मामांची कशी आहे?" मी वीस पावलांवरून विचारलं.

फालेसीनं वळून कोंबडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मान वळली."

चमच्यानं पाणी पाजत होती ती तिला. रात्री मांडीवर घेऊन बसत होती. मला राग येत होता. आपल्या ब्याण्णव सोडून दुसऱ्याची एक मरती कोंबडी घेऊन बसायचं. पण दारातून दिसायची तेव्हा तिचे डोळे असे आत गेलेले असायचे की मी तोंडातला शब्द गिळायचो.

गुरुवारी दुपारी कोंबडी मेली.

"दे, मी सोलतो," मी सवयीनं म्हणालो. "नाहीतर मामांना देऊन येऊ, खातील."

"खायची नाही. पिसं, रक्त, आतडी, कशाकशातून पसरेल. पुरायची. कमरेएवढा खड्डा करा, वर चुना."

"कोंबडी पुरायची?"

"हो."

मी आयुष्यात असलं ऐकलं नव्हतं. आमच्याकडे कमरेएवढा खड्डा शौचाला खणतात, नाहीतर माणसाला. माणसाला खणायचा तर ती ठरलेली माणसं असतात, वाटेल त्यानं कुदळ मारायची नाही. मी घरामागं, खुराड्यापासून लांब, चिंचेकडच्या बाजूला खणायला लागलो. जमीन दगड झाली होती. छातीपर्यंत घामानं भिजलो तरी गुडघ्याएवढाच झाला.

"वायसन," कुंपणावरून आवाज आला. "कोण गेलं?"

एलुबी. कडेवर सुपात मका.

खरं सांगायला काय हरकत होती? पण खरं मामांपर्यंत अर्ध्या तासात पोचलं असतं. आणि मानमोडी हा शब्द आमच्या अंगणातून निघाला असता तर संध्याकाळपर्यंत नाफिरीबाईंच्या खानावळीत पोचला असता. मी कुदळीवर रेललो.

"कुणी नाही. केळीचं रोप लावतोय."

"ऑक्टोबरात?"

"खड्डा करून ठेवतो."

ती गेली. मूर्ख कोणाला म्हणतात ते मला तेव्हा नाही, शनिवारी कळलं.

फालेसी कोंबडी घेऊन आली, त्याच निळ्या कापडात. मी बाजूला झालो. तिनं खड्ड्याच्या काठाशी बसून ती आत ठेवली, वाकडी मान हातानं सरळ केली, कापड सारखं केलं. मग तिनं चुना टाकला आणि मी माती लोटली. ती तिथंच बसून राहिली.

"मामांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"शनिवार होऊ दे. मी सांगेन."

शुक्रवारी हापशावर मला कुणी ओळख दाखवली नाही. माझ्या आधी बादली लावलेल्या बाईनं बादली अर्धी असतानाच उचलली आणि निघून गेली.

शनिवारी पहाटे खुराड्यातलं खाद्य काढून घेतलं, पाणी ठेवलं. गाडीत भरायच्या आधी पोट रिकामं लागतं. गारवा होता, कोंबड्या शांत होत्या. मी देवाचं नाव घेतलं. इतक्यात अंगणात पावलं वाजली, आणि गाडी तर अजून आली नव्हती. वीस-पंचवीस माणसं, बायका जास्त. पुढं एलुबी. दोघांच्या हातांत कुदळी. मागून मामा, काठी टेकत. त्यांनाच आणलं होतं, आमच्या घराचं वडीलधारं म्हणून.

"केळीचं रोप कुठाय वायसन?" एलुबी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खड्डा बुजवलास, रोप दिसत नाही. काय घातलंस आत?"

"अगं एलुबी, ऐक तर."

"पाच दिवस बायको दार लावून बसलीय. तू बाहेर शिजवतोस. आमच्या कोंबड्या गेल्या, तुमच्या फुगल्या. काय पुरलंय ते आम्हाला बघायचंय. मग तुम्ही आणि तुमचं कुलूप."

दोघं कुदळीवाले चिंचेकडं निघाले. तो चुना, ती पिसं, पंचवीस जणांच्या पायांना लागून अंगणभर झाली असती, आणि ब्याण्णव कोंबड्या जाळीआड. मी त्यांच्या आडवा झालो. एकानं मला खांद्यानं बाजूला केलं.

नेमकी तेव्हाच गाडी आली. निळी पिकअप, मागं क्रेट रचलेले. नाफिरीबाई खाली उतरल्या, अंगानं भरलेल्या, डोक्याला लाल रुमाल. "काय आहे हे? मयत आहे का?"

स्वैपाकघराचं दार उघडलं आणि फालेसी बाहेर आली. पाच दिवसांत ती निम्मी झाली होती. ती खुराड्याकडे गेली नाही. खड्ड्याकडे गेली, मातीच्या बाजूला गुडघे टेकले. कुदळीवाले थांबले.

मामा पुढं आले. "काय आहे यात?"

फालेसीनं एकदा नाफिरीबाईंकडे पाहिलं. मी मनात म्हणत होतो, बाई, काहीही सांग, रोप सांग, सांग काहीही.

"तुमची कोंबडी, मामा," ती म्हणाली.

तिनं तळहात मातीवर टेकला.

"त्यांच्यात ठेवली नव्हती मी. आणलीत तेव्हाच तिला झालं होतं. माझ्यापाशी ठेवली. परवा दुपारी गेली. मला वाचवता आली नाही."

"खोटं आहे," एलुबी म्हणाली. "कोंबडी कुणी पुरतं का? मेली तर खातात. मामा, खणू दे."

मामा त्या मातीकडे बघत होते. "कशात गुंडाळलीस?"

"मामींच्या कापडात. तुम्ही आणलं होतं त्याच."

"मान?"

"सरळ केली."

मग त्यांनी काठी उचलली आणि आडवी धरली, कुदळीवाल्यांच्या छातीशी. "पुरलेलं आपण उकरतो का रे?" त्यांनी विचारलं. "कुणाच्या घरी उकरतात? तुझ्या?"

"पण मामा, कोंबडी ती."

"माझी होती. माझ्या घरातलं कोण पुरायचं आणि कोण खायचं ते मी ठरवीन." ते एलुबीकडे वळले. "आणि बंद दाराचं म्हणतेस, तर मंगळवारपासून मी माझ्या ओसरीवरून बघतोय. हा जावई अंगणात गाठींची न्सिमा खातोय, ही चुलीपाशी कोंडून घेतलीय. चेटूक करणारा माणूस असा उपाशी राहतो का? मला तेव्हाच कळलं की कोंबडी आत गेली नाही. मी आलो असतो परत न्यायला." ते थांबले. "पण नेऊन कुठं ठेवणार होतो?"

नाफिरीबाई पुढं सरकल्या. "थांबा. कोंबडी मेली म्हणता. कशानं मेली?"

फालेसीनं तोंड उघडलं. मी तिला ओळखतो, ती खरं सांगणार होती. पण मामांनी आधी सांगितलं.

"वय झालं होतं," ते म्हणाले.

ती कोंबडी पहिल्यांदाच अंड्यावर आली होती, हे एलुबीला चांगलं ठाऊक होतं. तिच्याच अंगणात चरत, तिच्या डोळ्यांसमोर ती वाढली होती. एलुबीनं मामांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मातीपाशी बसलेल्या फालेसीकडे. मग ती कुदळीवाल्यांना घेऊन मागं सरली.

"या कोंबड्यांना लस दिलीय," फालेसी नाफिरीबाईंना म्हणाली. "बाटली आहे, वही आहे. आधी आत जाऊन बघा, मग न्या. पण पाय बुडवून जा."

नाफिरीबाईंनी चपला काढल्या, चितेंजे वर धरलं आणि घमेल्यात उभ्या राहिल्या. आत जाऊन त्यांनी दहा-बारा कोंबड्या उचलून पाहिल्या, छाती दाबली, डोळे पाहिले, शेपटाखाली पाहिलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "भरा."

एकेक कोंबडी मी दोन्ही पंख धरून उचलली आणि क्रेटमध्ये ठेवली. गरम, जड, मुकाट. फालेसी स्वैपाकघराच्या दाराशी उभी राहून बोटांवर मोजत होती. जवळ आली नाही. सहा आठवडे ज्यांच्या आवाजावर ती झोपली आणि उठली, त्यांतल्या एकीलाही तिनं त्या सकाळी हात लावला नाही. ब्याण्णव भरल्या. नाफिरीबाईंनी पैसे तिच्या हातात दिले आणि विचारलं, "पुढची पिल्लं कधी आणतेस?" फालेसी हसली. सायकल परत येणार की पिल्लं, ते तिनं अजून ठरवलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

गाडी गेली. माणसं आधीच पांगली होती. एलुबी कुंपणापलीकडे मका पाखडत होती, आमच्याकडे पाठ करून.

मामा तेवढे राहिले. चिंचेखाली मातीपाशी बराच वेळ उभे होते. मी लांब उभा राहिलो. मग त्यांनी वाकून मूठभर माती घेतली, पुन्हा त्याच खड्ड्यावर टाकली, आणि काठी टेकत परत आले. रस्त्याकडे जातील असं मला वाटलं. ते खुराड्याच्या दाराशी आले. दार सताड उघडं होतं, आत नुसता भुसा आणि पिसं.

मामांनी काठी भिंतीला लावली. एक पाय उचलून घमेल्यात ठेवला, मग दुसरा.

"मामा, आता आत काही नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मातीवरून आलोय ना? तसाच घरी जाऊ होय?"

घमेल्यात बोटभरच पाणी उरलं होतं, त्यांच्या टाचाही भिजत नव्हत्या. मी हापशावरची बादली उचलून आणली आणि त्यांच्या पायांवर ओतली.